ओठाचा कोपरा

सुवार्ता : हा भोपळा मी नेणार नाही म्हणजे नाही. बागवानाला परत दे, नाहीतर भाजी कर.

सिंधु : हळू बोल. पप्पा उठलेत.

सुवार्ता : उठू देत. सगळ्या देवणी गावाला माहीत आहे आपल्याला शेत नाही. वीतभर नाही! आणि मी कापणीच्या सणाला वेदीपुढं भोपळा घेऊन जाऊ? कुणी विचारलं, सुवार्ता, कुठल्या वावरातला गं, तर काय सांगू? बसस्टँडमागच्या वावरातला?

सिंधु : इचारत न्हाई कुणी. कुणी सोयाबीन आणतंय, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी कोंबडी. आपण भोपळा. ठिवायचा, हात जोडायचे, माघारी यायचं.

सुवार्ता : "आपण" म्हणजे कोण? तू येणार आहेस?

सिंधु : मला काम हाय.

सुवार्ता : रविवारी? तुला? शनिवारी संध्याकाळीच मशीनवर चादर टाकणारी बाई तू. एकदा मी नुसतं सुईत दोरा ओवला तर म्हणालीस, आज प्रभूचा दिवस हाय, चादर टाक. आणि आज ब्लाऊजला हुक लावत बसलीस?

सिंधु : गिऱ्हाईक दुपारी येणार हाय.

सुवार्ता : खोटं. गिऱ्हाईक लग्नाला गेलंय, मला तिच्या पोरीनं सांगितलं.

सिंधु : लई जबान चालायली तुझी आजकाल. मागच्या साली वर्गात हजेरी द्यायला लाजायचीस. बाई म्हणायच्या, तुमची पोरगी हाय का न्हाई वर्गात, तेच कळत न्हाई.

सुवार्ता : आता कळतंय त्यांना. परिपाठ मी घेते रोज, माईक नसला तरी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जातं. पण विषय बदलू नकोस. आपलं पहिलं पीक काय असतं, सांग.

सिंधु : काय असतंय?

सुवार्ता : तूच सांगायचीस लहानपणी! लोकांचं पहिलं पीक वावरात, आपलं पप्पांच्या क्लॅरिनेटमध्ये. लग्नाची पहिली सुपारी घ्यायच्या आधी पप्पा देवळात वाजवणार, कापणीच्या सणाला, सगळी अर्पणं झाल्यावर. हंगामातला पहिला सूर देवाचा, मग नवरदेवाचा. चंद्रप्पा मालकाचा अख्खा बँड थांबतो त्यासाठी. एका साली बिलोलीची वरात एक दिवस पुढं गेली होती, आठवतं?

सिंधु : आठवतंय.

सुवार्ता : मग सुराच्या जागी भोपळा?

सिंधु : सूर कुठून आणू? तूच सांग. तोंडावरून वारं गेलंय त्यांच्या. उजव्या अंगाचा ओठ लोंबायलाय. फुंकलं की सगळी हवा तिकडून. रात्री डोळा मिटत न्हाई म्हणून रुमाल बांधून झोपतेत. लातूरचा डॉक्टर म्हणला, नस सुजलीय, येईल, न्हाई येईल, वाट बघा. तिकडं चंद्रप्पानं बँडातल्या त्या लखनला क्लारनेट शिकवायला घेतलंय. हंगाम त्याच्या हातात गेला की ह्यांना कोण इचारतंय मग? सूर म्हणं!

सुवार्ता : म्हणून तर म्हणते, आज जायलाच पाहिजे.

सिंधु : तू होतीस ना त्या दिवशी देवळात? डोळ्यांनी बघितलीस ना?

सुवार्ता : बघितलं.

सिंधु : मी उभी राहिले. अख्ख्या मंडळीपुढं साक्ष दिली. प्रभूनं माझ्या मालकाला बरं केलं म्हणले. सगळे आमेन म्हणले. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणले, व्यंकटराव, या, आभाराचं एक वाजवा. अन् मग काय वाजलं?

सुवार्ता : ...फुस्स.

सिंधु : फुस्स. अन् त्याच्यामागून चीं. पोरं हसली. पोरांच्या माया पदरात तोंड घालून हसल्या. ते बिचारे क्लारनेट हातात धरून तसेच उभे. अन् बाहेर चपला घालताना राजकन्याबाई काय म्हणल्या ठाव हाय?

सुवार्ता : त्या पंचाच्या बायको? त्या काहीही म्हणतात.

सिंधु : म्हणल्या, सिंधुबाई, देव कमी पडत नसतोय, विश्वास कुठंतरी कमी पडला बघा.

सुवार्ता : विश्वास काय दूध आहे का, कमी पडला तर पाणी घालायला?

सिंधु : तू हसण्यावारी ने. माझ्या काळजात रुतलंय ते. तवापासून मी त्या दारात पाय ठिवला न्हाई, अन् ठिवणार बी न्हाई.

सुवार्ता : आणि जेवताना?

सिंधु : जेवताना काय?

सुवार्ता : मी प्रार्थना करते, पप्पा आमेन म्हणतात. तू म्हणत नाहीस. मी एक डोळा उघडा ठेवून बघते. तू ओठ मिटून भाकरीकडं बघत बसतेस.

सिंधु : डोळे मिटून करावी प्रार्थना.

सुवार्ता : आई!

सिंधु : काय आई? किती उपास केले मी? ह्यांच्या ताटात भाकरी वाढायचे अन् मी तांब्याभर पाणी पिऊन मशीनवर बसायचे. पहाटे उठून गुडघे टेकायचे. बघ, घट्टे बघ. जास्त काय मागितलं होतं? नवं घर मागितलं का? ओठ मागितला. एका माणसाचा एक ओठ, तो बी अर्धा! अन् बरं, न्हाई द्यायचा तर नको देऊ, पण मी उभी राहिल्यावर तरी माझी इज्जत राखायची. तेवढं बी केलं न्हाई त्यानं. मी आता मागणार न्हाई. बोलणारच न्हाई त्याच्यासंग.

सुवार्ता : म्हणजे रुसलीस.

सिंधु : काहीबी म्हण.

सुवार्ता : मामा दिवाळीला न्यायला आला नाही तेव्हा अशीच बसली होतीस. फोन वाजला की आधी बघायचीस त्याचाच आहे का, आणि उचलायची नाहीस.

सिंधु : सुवार्ता, मार खाशील.

सुवार्ता : खाईन. पण परकं माणूस न्यायला आलं नाही म्हणून कुणी रुसत नसतं, एवढं माहीत आहे मला.

व्यंकट : चहा हाय का, का दोघींनी भांडून आटवला?

सुवार्ता : या पप्पा! चहा आहे. पण आज तो पेपर इकडं द्या.

व्यंकट : वाचायलोय की.

सुवार्ता : कालचा आहे. आणि उलटा धरलाय.

व्यंकट : उलट्यात बी बातम्या त्याच असतेत.

सुवार्ता : पेपर बाजूला ठेवा आणि आमच्यासमोर चहा प्या. एक घोट.

सिंधु : काय भानगड हाय? पिऊ दे की त्यांना त्यांच्या परीनं. माणसाला लाज वाटती.

सुवार्ता : लाज नाही वाटत, आई. ते लपवतात. काल मी पाणी भरताना खिडकीतून पाहिलं. पप्पा पेपरच्या आड ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवतात. असं. दाबून. आणि मग पितात. एक थेंब सांडत नाही.

सिंधु : ...अहो?

व्यंकट : गार व्हायलाय चहा.

सिंधु : कवापासून?

व्यंकट : कवापासून म्हणजे... पहिल्यापासूनच. माणूस काहीतरी इलाज काढतोच की.

सिंधु : त्या दिवशी बी? रविवारी सकाळी? मी तुमच्यापुढं बसले, म्हणले, अहो बघा, आज सांडलं न्हाई. तवा बी?

व्यंकट : तवा बी.

सिंधु : बोट होतं?

व्यंकट : हाव. बशीच्या आड.

सिंधु : माय गं! अन् मी तशीच पळत गेले देवळाला! केस बी विंचरले न्हाईत! तुम्हाला तोंड नव्हतं का सांगायला?

व्यंकट : तोंड नव्हतंच की नीट.

सिंधु : मस्करी करू नका!

व्यंकट : न्हाई करत. ऐक. तू हसलीस. लई दिवसांनी हसलीस, सिंधु. मला वाटलं, कपभर तरी ऱ्हाऊ द्यावं. कप संपला की सांगावं. कप संपायच्या आत तू गेलीस. तू तिथं उभी ऱ्हाशील हे मला काय ठाव? मी पुरुषांच्या बाजूनं किती हात हालवले. खाली बस, खाली बस म्हणून.

सिंधु : मला वाटलं, तुम्ही हात वर करून स्तुती करायलाव!

सुवार्ता : हा हा! आई, आणि तू मग अजून जोरात बोललीस!

सिंधु : तू हसू नको! खबरदार हसलीस तर. ...देवा, अख्ख्या मंडळीत मी एका बोटाची साक्ष देऊन आले.

व्यंकट : माझी चूक हाय. राजकन्याबाईला सांग, विश्वास कमी न्हाई पडला, नवरा खोटारडा निघाला.

सिंधु : आता सांगून काय उपेग? झालं ते झालं. घ्या तो चहा. अन् बोट काढा. सांडला तर सांडला, पुसता येतंय मला.

सुवार्ता : नाही! बोट काढायचं नाही! तेच तर मी सांगायला बसलेय सकाळपासून. आई, चहा सांडत नाही. म्हणजे काय? कोपरा बंद होतो. कोपरा बंद झाला तर हवा पण सांडणार नाही. साधं सायन्स आहे.

व्यंकट : साधं न्हाई, पोरी. क्लारनेटला दोन हात लागतेत. भोकं कोण झाकंल? तिसरं बोट आणू कुठून?

सुवार्ता : हे घ्या. माझं.

सिंधु : हिचं डोकं फिरलंय.

सुवार्ता : पेटी काढा पप्पा. ट्रंकेच्या खाली आहे, वर आईनं गोधड्या रचल्यात. मी काढते.

व्यंकट : न्हाई व्हायचं गं.

सुवार्ता : तुम्ही केलंत का करून?

व्यंकट : न्हाई.

सुवार्ता : मग? ...हे घ्या. धूळ बघा किती बसली. आई, फडकं दे. नको देऊ, माझी ओढणी आहे.

सिंधु : नवी ओढणी हाय ती!

व्यंकट : क्लारनेटची पत्ती वाळलीय. थांब, भिजवू दे. ...हं. धर आता. वर न्हाई, ते नाक हाय. खाली. अजून खाली. ते हनुवटी झाली.

सुवार्ता : स्थिर बसा ना! इथं?

व्यंकट : हं. दाबू नको, नुसतं टेकव. दार उघडू नये म्हणून पाट टेकवतो तसं. फुंकतो.

सुवार्ता : ...चीं आलं.

व्यंकट : बोट घसरलं. परत.

सुवार्ता : हं. फुंका. ...अजून. ...पप्पा! आला! आई, आला बघ!

सिंधु : सूर कापायलाय.

व्यंकट : कापायलाय. पण आला, सिंधु. सूर हाय. चीं न्हाई ती.

सुवार्ता : बघ त्यांचा डोळा भरला. दोन्ही भरले! चला, निघा, पहिली घंटा झालीय केव्हाच. पप्पा, पांढरा शर्ट घाला. आई, साडी बदल.

सिंधु : थांबा. थांबा जरा. दोघं बी खाली बसा. असं जाणार तुम्ही? पोरगी बापाचं थोबाड धरून उभी, बाप वाजवायला, अन् वेदीपुढं कोंबड्या ओरडायल्यात? तमाशा हाय का देवळात? एकदा हसून पोट भरलं न्हाई त्यांचं?

व्यंकट : हसतील.

सिंधु : मग?

व्यंकट : मागच्या बारीला बरा झालो म्हणून वाजवायला गेलो. आता बरा न्हाई झालो म्हणून वाजवतो. देवाला काय फरक हाय?

सिंधु : मला फरक हाय! तुम्हाला वरातीत मिरवायची सवय हाय. मला त्या बायकांत बसायचंय. अन् काय म्हणून वाजवणार? मिळालं तर साक्ष. न्हाई मिळालं तर गप घरी बसावं माणसानं. न मिळाल्याची साक्ष कुणी देतंय का?

सुवार्ता : मी देते.

सिंधु : काय देतीस?

सुवार्ता : साक्ष. न मिळाल्याची. आज. मी उभी राहते.

सिंधु : तू? त्या माणसांपुढं?

सुवार्ता : हो. त्यांच्याकडं दर रविवारी मिळालेल्यांचीच साक्ष असते. कुणाची म्हैस सापडली, कुणाच्या जावयाची बदली झाली. आणि ज्यांची म्हैस सापडलीच नाही, ते मागच्या सतरंजीवर खाली मान घालून बसतात. मला एकदा त्यांच्या बाजूनं बोलायचंय. कुणी हसलं तर हसू दे. शाळेत पहिल्या परिपाठाला माझी चप्पल तुटली होती, तेव्हा पण हसले होते. आता नाही हसत.

सिंधु : अन् लेकरा... तू तिथं सांगशील, आम्ही मागायलोय, मागायलोय. आम्ही परत मागू. अन् परत न्हाई म्हणला तो, तर?

सुवार्ता : तर परत मागू.

सिंधु : अन् मग बी न्हाई म्हणला तर?

सुवार्ता : तर परत! काय करेल? वैतागेल? वैतागू दे की. आपण काय हळू आवाजात मागणारे लोक आहोत का, आई? आपण बँडवाले आहोत!

व्यंकट : हाव. हे बराबर बोलली.

सिंधु : तुम्ही तिला चढवू नका. ...जा तुम्ही दोघं. मी न्हाई येत. माझ्यात न्हाई आता तेवढा दम. भोपळा घेऊन जा.

सुवार्ता : भोपळा इथंच राहणार. तुझ्यासमोर, मशीनवर. त्याच्याशी बोलत बस. चला पप्पा.

व्यंकट : सिंधु, दार लोटून घेतो. मांजर दुधावर टपलंय.

सिंधु : जावा. ...अहो. शर्टाचं वरचं बटण. थांबा, लावते. हं, जावा आता.

(देऊळ. वेदीपुढं सोयाबीनची पोती, सीताफळांच्या पाट्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. अर्पणं ठेवून लोक जागेवर बसत आहेत. व्यंकट आणि सुवार्ता बाजूच्या दाराशी उभे.)

व्यंकट : हात गार पडलेत तुझे.

सुवार्ता : भीती वाटतेय.

व्यंकट : तुला?

सुवार्ता : शाळेत खाली लहान पोरं बसलेली असतात हो, पप्पा. इथं राजकन्याबाई बसल्यात. पहिल्याच ओळीत. सहा सीताफळं आणलीत आणि बघतात कशा, जणू बागच आणलीय.

व्यंकट : माघारी जायचं का?

सुवार्ता : बिलकुल नाही. शाळेतले शिवप्रसाद सर म्हणतात, पाय थरथरले तर एका पायावर भार द्यायचा आणि शेवटच्या माणसाकडं बघून बोलायचं.

व्यंकट : शेवटी कोण बसलंय?

सुवार्ता : कुणी नाही. दार उघडं आहे.

व्यंकट : मग दाराकडं बघून बोल. जा. पाळकसाहेब बघायलेत आपल्याकडं.

सुवार्ता : पाळकसाहेब, मला बोलायचंय. साक्ष आहे. ...हो, मीच. व्यंकट बँडवाल्यांची सुवार्ता. मंडळी, सगळ्यांना सलाम. माझे पप्पा बरे झालेले नाहीत. आधी हेच सांगते, म्हणजे कुणी मध्येच आमेन म्हणायला नको. ओठ तसाच आहे. डोळा पण. माझ्या आईनं इथं उभं राहून सांगितलं होतं की ते बरे झाले. ती खोटं बोलली नाही. तिनं सकाळी चहा सांडलेला पाहिला नाही, आणि तिला एवढा आनंद झाला की ती केस न विंचरता पळत आली. तुमच्यातल्या किती जणांनी एका कपभर चहासाठी देवाचे आभार मानलेत? मी तर कधीच मानले नाहीत. तिनं मानले. आणि आपण हसलो. मी पण हसले होते, खरं सांगते, तोंड फिरवून.

आता कुणी म्हणतं, विश्वास कमी पडला. कुणाचं नाव घेत नाही. त्यांनी आमच्या घरी यावं. पहाटे यावं. आईचे गुडघे बघावेत, मग माप घ्यावं विश्वासाचं. आम्ही मागितलं. मिळालं नाही. का नाही, मला ठाऊक नाही, आणि तुम्हाला पण ठाऊक नाही. पण म्हणून आम्ही गप्प बसणार नाही. आम्ही उद्या परत मागणार, परवा परत मागणार, त्याच्या दाराशी बसून राहणार. तो हो म्हणाला तरी तो आमचा देव, नाही म्हणाला तरी आमचाच. दुसरीकडं आम्ही जाणार नाही, आणि त्याला पण जाऊ देणार नाही! आणि... आणि आमच्याकडं शेत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आमचं पहिलं पीक ह्या क्लॅरिनेटमध्ये येतं. यंदा पीक वाईट आलंय. वाकडं आलंय. पण आहे ते आमच्याच वावरातलं आहे, बाजारातून आणलेलं नाही. ते आम्ही ठेवतो. पप्पा, या.

व्यंकट : आलो. लई बोललीस गं.

सुवार्ता : चुकलं?

व्यंकट : न्हाई. धर. कोपरा.

सुवार्ता : इथं?

व्यंकट : हं. ...फुंकतो.

सुवार्ता : ...चीं. सॉरी, सॉरी. बोटाला घाम आलाय.

व्यंकट : पूस अन् परत धर. घाई न्हाई.

सुवार्ता : कुणीतरी हसलं.

व्यंकट : ती कोंबडी हाय. परत.

सुवार्ता : ...आता इकडून सुटली हवा. पप्पा, घरी कसं जमलं होतं? तुम्ही हलताय का? तुमची मान कापतेय.

व्यंकट : मान न्हाई, तुझा हात कापायलाय. थोडं सैल. दुखायलंय मला तिथं.

सुवार्ता : सैल केलं की सुटतंय, दाबलं की दुखतंय, मी काय करू! सगळे बघतायत. पप्पा, मला नाही जमणार. मला वाटलं होतं जमेल. एवढं मोठं बोलून बसले मी...

व्यंकट : रडू नको. एकदा. अजून एकदाच धर.

सिंधु : सरक.

सुवार्ता : ...आई?

सिंधु : सरक म्हणले ना. दाबून मारशील त्यांना. असं धरायचं नसतंय. तळव्यानं गाल उचलायचा अन् मग बोट टेकवायचं. मालिश मी करते रोज, का तू?

सुवार्ता : तू कधी आलीस?

सिंधु : तू राजकन्याबाईचं नाव न घेता नाव घेतलीस, तवा. दाराच्या आडच होते.

व्यंकट : अन् भोपळा?

सिंधु : मशीनवर हाय. संध्याकाळी भाजी करते. मान वर करा जरा. हं. दुखतंय का आता?

व्यंकट : न्हाई. सिंधु, सगळी मंडळी बघायली.

सिंधु : बघू द्या. फुंका.